चौकात सांडलेले दात

"पंचवीस मिनिटं!" कवळीकाका म्हणाले. "घड्याळ लावून बसा. सव्विसावं मिनिट लागलं तर नाव बदलीन!"

खरं तर बदलायला काकांना नाव उरलं होतं कुठं? सत्तावीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवून घडवून ते बिल्डिंगमधल्या पोरांचे कवळीकाका झाले होते, वाण्याचे कवळीकाका झाले होते, आणि आता तर सख्खा धाकटा भाऊसुद्धा फोनवर "काय कवळीकाका" म्हणून सुरुवात करायचा.

लॅबच्या मालकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या डबीकडे बघितलं. डबीत ओल्या कापसावर एक नवीकोरी कवळी बसली होती. वरची पट्टी, खालची पट्टी, अठ्ठावीस दात, एकेक जणू शिंपल्यातून काढलेला. काकांनी तिच्यासाठी दोन दिवस मान वर केली नव्हती.

आणि कवळी होती तरी कुणाची? बातम्यांच्या बाईंची! तीस वर्षं दुपारी बाराच्या बातम्या रेडिओवर ज्यांनी वाचल्या त्या बाई. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. रेडिओ केंद्राच्या वाढदिवसाला आज केंद्राने त्यांना पुन्हा एकदा बाराच्या बातम्या वाचायला बोलावलं होतं. थेट प्रक्षेपण! आणि परवा सकाळी धुताना बाईंची जुनी कवळी हातातून निसटली आणि बेसिनमध्ये तिचे तीन तुकडे झाले.

"दात नसताना मी 'शासन' म्हटलं, तर माईक पुसायला माणूस ठेवावा लागेल," असं बाई दातांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या होत्या. म्हणाल्या म्हणजे काय, डॉक्टरीणबाईंना ते दोनदा विचारावं लागलं होतं.

"स्कूटरवाला आज रजेवर आहे," मालक म्हणाले. "मी गाडीने पाठवतो. साडेदहापर्यंत दवाखान्यात पोचायला पाहिजे."

"गाडीने? या वेळेला? गाडीने पाठवलीत तर बाई उद्याच्या बातम्या वाचतील! माझ्याकडे द्या. सायकल आहे ना!"

ही सायकल म्हणजे चार दिवसांचं प्रकरण. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं होतं, आणि बसमध्ये रोज दीड तास दुसऱ्याची पिशवी बरगडीत घेऊन उभं राहण्याचा काकांना वीट आला होता. शिकायला परगावी गेलेल्या लेकीची जांभळी सायकल गॅलरीत धूळ खात होती. पुढे वेताची टोपली, हँडलला फुलाच्या आकाराची घंटा. रविवारी काकांनी ती पुसून खाली उतरवली.

"अहो, तिला तुमचं वजन सांगितलंय का?" काकूंनी विचारलं.

"सायकलीला?"

"लेकीला. सायकलीला बसल्यावर कळेलच."

आणि सोमवारी काका निघाले. पहिला उतार लागला, शर्टात वारा भरला, आणि काकांना वाटलं, इतकी वर्षं आपण जगत होतो ते काय होतं? ज्या बसमध्ये ते लटकायचे तीच बस सिग्नलला अडकलेली. खिडकीत रोजचा सहप्रवासी, रोजच्यासारखाच चेपलेला. काकांनी त्याच्याकडे बघून घंटा वाजवली. दोनदा!

पण आनंद असा उतारावरच मिळायचा, आणि शहरात उतार फार नव्हते. बाकी रस्ताभर मागून ट्रक असा भोंगा द्यायचा की काकांचा जीव पुढच्या टोपलीत येऊन पडायचा. बस कानात गरम श्वास सोडायची. माणसं मोबाइलकडे बघत रस्त्यात उतरायची आणि वर काकांनाच "दिसत नाही का?" म्हणून विचारायची. संध्याकाळी काका घरी येऊन सोफ्यावर असे पडायचे की काकू आधी श्वास चालू आहे का ते बघून मग चहा टाकायच्या.

"मजा येतेय ना?" काकू विचारायच्या.

"फार!" काका डोळे मिटूनच सांगायचे. बिल्डिंगभर, लॅबभर आणि धाकट्या भावाला सांगून झाल्यावर दुसरं काय सांगणार?

तर गुरुवारी सकाळी दहाला पाच कमी असताना काकांनी डबी टोपलीत ठेवली, डोक्यावर हेल्मेट चढवलं, धुरासाठी नाकापासून हनुवटीपर्यंत मास्क बांधला, आणि दोन दिवस टेबलाशी वाकून धरलेली कंबर सीटवर टेकवली. अर्धं अंतर अकरा मिनिटांत! मोठा चौक आला. सिग्नल हिरवा. काकांनी जोरात पॅडल मारलं, आणि कडेला थांबलेल्या एका गाडीचं दार उघडलं.

समोरच उघडलं. काकांनी हँडल वळवलं. दार चुकलं, खड्डा चुकला नाही. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, सायकल जागच्या जागी थांबली, आणि डबी मात्र थांबली नाही. ती टोपलीतून उडाली, हवेत उघडली, आणि बातम्यांच्या बाईंचे दात दोन दिशांना रवाना झाले.

काका पडले, पण दमलेल्या माणसाने हुश्श करून खाली बसावं तसे पडले. गुडघा तेवढा खरचटला. खरं सांगायचं तर दोन क्षण त्यांना बरंसुद्धा वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना रस्त्यावर बसायला जागा मिळाली होती.

मग डबी आठवली.

"दात!" काका किंचाळले. "दात पडले! कुणी पाय ठेवू नका! माझे दात!"

तोंडावर मास्क. रस्त्यावर बसलेला माणूस. आणि दात दात म्हणून ओरडतोय! लोकांनी काय समजायचं? दार उघडणाऱ्या ताई गाडीतून उतरल्या आणि तिथेच रडायला लागल्या.

"अगं बाई! मी त्यांचे दात पाडले!"

"किती पडले?" कुणीतरी विचारलं.

"अठ्ठावीस!" काका चारी पायांवर रांगत म्हणाले. "दोन्हीकडचे!"

गर्दीतून एक हाय निघाली. चौकातला हवालदार शिटी वाजवत आला. पोट पुढे, शिटी तोंडात, आणि चेहऱ्यावर वीस वर्षांचा धूर. त्याने एकदा खाली बघितलं, एक सुस्कारा सोडला, तोही शिटीतूनच, आणि दोन्ही हात वर करून चारी बाजूंची वाहतूक थांबवली.

"चला, सगळ्यांनी दात शोधा! बघून पाय टाका!"

बसमधले लोक उतरले. स्कूटरवाल्यांनी स्कूटर उभ्या केल्या. पन्नासएक माणसं कंबरेत वाकून रस्ता निरखू लागली. चौकात इतकी एकी कधी कुणी पाहिली नव्हती! मग दुभाजकाजवळून एक किंकाळी आली.

"सापडले! अहो, नुसते दात नाहीत... हिरडीसकट आलेत! वरचा जबडाच निखळलाय!"

ज्या गृहस्थांना ते सापडले होते ते तेवढं बोलून फुटपाथवर आडवे झाले. आता मागेच अडकलेली एक रिकामी रुग्णवाहिका होती. तिच्यातले दोघे स्ट्रेचर घेऊन धावत आले. पडलेल्या गृहस्थांना ओलांडून ते थेट काकांकडे गेले आणि त्यांनी काकांच्या मानेला जाड पट्टा बांधला. आता काकांना खाली बघता येईना.

"अहो, मला काही झालेलं नाही!" काका मास्कमधून म्हणाले.

"काका, बोलू नका. जबड्यावर ताण येईल."

"जबडा जागेवर आहे!"

"शॉक बसलाय," एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला. "असं वाटतं बिचाऱ्यांना."

शेवटी काकांनी मास्क ओढून काढला आणि सबंध चौकाला आ करून दाखवला. वरचे, खालचे, मागची एक दाढ सोडली तर सगळे दात हजर! ताईंचं रडणं थांबलं. दात नसलेल्या माणसापेक्षा दात असलेल्या माणसाने लोकांची जास्त निराशा केलेली त्या दिवशीच दिसली.

हवालदाराने हातातल्या रुमालात धरलेली वरची पट्टी बघितली. मग काकांचं तोंड बघितलं. मग पुन्हा पट्टी.

"मग हे कुणाचे?"

"एका बाईंचे!" काका सुटकेचा श्वास टाकत म्हणाले.

हे एक वाक्य काकांनी जरा सावकाश, मागचंपुढचं जोडून म्हटलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण काका दमले होते.

"बाई?" हवालदाराची शिटी तोंडातून पडली. "बाई कुठंय?"

"सायकल पण बाईंचीच आहे!" गर्दीतून एक जण ओरडला. "जांभळी! टोपलीवाली!"

"अरे, मागे बसली असणार! उडाली असणार!"

"बसखाली बघा! बसखाली बघा!"

पन्नास माणसं बसखाली वाकली. ताई पुन्हा रडायला लागल्या, या वेळी दुप्पट. काका "अहो, ऐका तरी, अहो, त्या इथे नव्हत्याच" असं म्हणत होते, पण मानेच्या पट्ट्यामुळे त्यांना फक्त समोरच्या होर्डिंगकडे बघूनच बोलता येत होतं, त्यामुळे ते कुणाशी बोलताहेत तेच कुणाला कळत नव्हतं. हवालदाराने तोवर वायरलेस तोंडाशी नेला होता.

"मोठा चौक. एक वयस्कर महिला बेपत्ता. दात मिळालेत. वरचेच. बाकीचा शोध चालू आहे."

तेवढ्यात काकांच्या खिशात फोन वाजला. काकांनी देवाचा धावा करावा तसा तो बाहेर काढला आणि स्पीकर लावला.

"काका, आहात कुठं?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चौकात घुमला. "साडेदहा वाजून गेले! बाई इथे खुर्चीत बसून आहेत, दात कधी पोचणार त्यांचे?"

हवालदार फोनकडे बघतच राहिला.

"बाई तिकडे पोचल्या? दात इथे टाकून?"

"हवालदारसाहेब," काकांच्या आवाजात आता इतका शीण होता की हवालदारसुद्धा खाली बसून ऐकू लागला, "मी कवळ्या बनवतो. ही कवळी आहे. बाई धडधाकट आहेत. बारा वाजता त्यांना रेडिओवर बातम्या वाचायच्यात, आणि त्यांचे खालचे दात अजून तुमच्या चौकात आहेत."

"त्या बाई? बाराच्या बातम्यांच्या?" हवालदार ताडकन उठला. "माझी आई भाताला आधण त्यांच्या आवाजावर ठेवायची!"

मग मात्र शोध खरा सुरू झाला. पाच मिनिटांत बसचा ड्रायव्हरच खालची पट्टी घेऊन आला. ती त्याच्या पुढच्या चाकापासून चार बोटांवर पडली होती. "मी ब्रेक मारला नसता ना," तो म्हणाला, आणि पुढचं सांगायची कुणालाच गरज वाटली नाही.

दात मिळाले. पण पावणेअकरा वाजले होते, आणि चारी रस्ते जिथवर नजर जाईल तिथवर तुंबले होते. ताई म्हणाल्या, "मी गाडीने सोडते!" त्यांच्या गाडीला सगळीकडून बाकीच्या गाड्यांनी मिठी मारली होती. रुग्णवाहिका वाजत होती, हलत नव्हती. हलण्यासारखी एकच गोष्ट त्या चौकात होती, आणि तिचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं.

हवालदाराने सायकल आडवी पाडली, चाकावर बूट ठेवला आणि सगळा भार टाकला. चाक कर्रकन ओरडलं आणि बऱ्यापैकी गोल झालं.

"चला," तो म्हणाला आणि कॅरियरवर बसला.

"तुम्ही?"

"बेपत्ता महिलेची वर्दी दिलीय मी. बाई डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती मागे कशी घेऊ? आणि इथे थांबून काय करू? तासभर काही हलणार नाही. हलायला लागलं की येतोच."

अशी वरात निघाली! पुढे हेल्मेट आणि मानेला पट्टा बांधलेले काका, टोपलीत डबी, डबीवर हवालदाराची टोपी दाबून बसवलेली, आणि मागे नव्वद किलोचा हवालदार शिटी वाजवत. चाक दर फेरीला एकदा डावीकडे नमस्कार घालत होतं. गाड्यांच्या मधल्या फटीतून ते असे सरकत होते, आणि खिडक्यांतून माणसं विचारत होती, "मिळाले का हो दात?"

"मिळाले!" हवालदार ओरडायचा.

"आणि बाई?"

"त्याही मिळाल्या!"

लोक टाळ्या वाजवायचे. काकांना त्या ऐकू यायच्या, पण मान वळवता येत नसल्यामुळे बघता यायच्या नाहीत. मग पुलाचा चढ लागला. काकांच्या गुडघ्यांनी जे आवाज काढले ते शिटीच्या वर ऐकू आले.

"उतरू का?" हवालदाराने विचारलं.

"तुमची मर्जी," काका म्हणाले. याहून मोठं वाक्य बोलायला फुप्फुसात जागा नव्हती.

हवालदार उतरला आणि मागून ढकलू लागला. अर्ध्या चढावर काकाही उतरले. उरलेल्या अर्ध्यात हवालदाराने एका हाताने सायकल ढकलली आणि दुसऱ्या हाताने काका. पण चढ संपला की उतार असतो! पुलावरून खाली येताना दोघं पुन्हा बसले, शर्टात वारा भरला, नव्वद किलो मागून मदतीला आले, आणि सायकल अशी सुटली की काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कारणाशिवाय घंटा वाजवली आणि वाजवतच राहिले.

"ब्रेक आहेत ना हो?" हवालदाराने मागून विचारलं.

"होते," काका म्हणाले.

दवाखान्याच्या दारातल्या कुंड्यांनी त्यांना थांबवलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी एक शब्दही न विचारता डबी घेतली. कवळी धुतली, औषधाच्या पाण्यात बुडवली, भिंग लावून तपासली. एका दाताला बारीक ओरखडा होता, तो घासून काढला. बातम्यांच्या बाई खुर्चीत ताठ बसून होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, मांडीवर चष्मा, आणि एका हाताची, ताल धरल्यासारखी हलणारी बोटं. तेवढ्या एका हातावरून काकांना कळलं, की या बाईंना पंधरा वर्षांनंतर आज भीती वाटतेय.

कवळी बसली. बाईंनी ओठ मिटले, उघडले.

"शासनाने शेतसाऱ्याविषयी समिती स्थापन केली," बाई म्हणाल्या.

काकांच्या अंगावर काटा आला. एकही शब्द निसटला नाही, एकही शिट्टी वाजली नाही. हवालदार नकळत सावधान उभा राहिला.

"ही घडवलीत तुम्ही?" बाईंनी काकांना विचारलं.

"हो."

"आणि वेळेवर आणलीत." बाई उठल्या. "तुमच्यासारखी तरुण माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं."

त्या समोरच्या रेडिओ केंद्रात चालत गेल्या. वायरलेसवर "महिला मिळाली, सुखरूप, दातांसह" असं सांगून हवालदार बाकावर बसला. काका रिकाम्या झालेल्या खुर्चीत आडवे झाले, कारण दवाखान्यात तेवढीच एक खुर्ची आडवी होत होती. डॉक्टरीणबाईंनी चहा मागवला आणि रेडिओ लावला. बारा वाजले.

आवाज आला. तोच आवाज! हवालदाराचे डोळे पाणावले. काका डोळे मिटून ऐकत होते. पहिली बातमी, दुसरी, तिसरी. प्रत्येक 'श' जणू काकांनी स्वतः घासून गुळगुळीत केलेला.

"शहरातील मोठ्या चौकात," बाई वाचत होत्या, "आज सकाळी एका वृद्ध सायकलस्वाराच्या अपघातामुळे वाहतूक दीड तास ठप्प झाली. सायकलस्वाराचे वय अंदाजे सत्तर असल्याचे पोलिसांनी सांगितले. या अपघातात एक महिला बेपत्ता झाल्याचे वृत्त..." इथे आवाज एवढासा थांबला. हसू गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. "...निराधार असून, सदर महिला सुखरूप आहे."

काकांनी डोळे उघडले.

"सत्तर?"

हवालदार चहाच्या कपात बघत होता.

"अंदाजे म्हटलंय ना."

"माझं वय त्रेपन्न आहे!"

"चढावर मी मागून बघत होतो हो तुम्हाला," हवालदार अपराधी आवाजात म्हणाला.

काकांचा फोन वाजला. काकू होत्या.

"अहो, ऐकल्यात का बातम्या? तुमच्या त्या चौकात कुणी सायकलवाला पडला! माझ्या छातीत धस्स झालं. मग म्हणाल्या सत्तर वर्षांचा, तेव्हा कुठं जिवात जीव आला. काय बाई एकेक म्हातारे! या वयात घरी बसायचं सोडून सायकली दामटतात! तुम्ही नाही ना त्या गर्दीत अडकलात?"

"छे," काका म्हणाले. "मी पुढे निघून गेलो होतो."

संध्याकाळी सायकल दुरुस्तीवाल्याकडे टाकून ते बसने निघाले. बस नेहमीसारखीच खचाखच भरलेली. मानेला अजून तो पट्टा होता, सोडायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दोन थांबे गेल्यावर खिडकीजवळची एक कॉलेजची मुलगी पटकन उभी राहिली.

"आजोबा, बसा ना इथे."

एरवी काकांनी तिला जन्मतारीख सांगितली असती. आज त्यांनी इकडेतिकडे बघितलं, म्हणजे पट्ट्यातून जेवढं बघता येईल तेवढं बघितलं, आणि मुकाट्याने बसले.